चिठ्ठी उघड्यावर काढली, तरी तक्रार उरली: सात नाचांच्या क्रमाचं एक प्रकरण

रावेर तालुक्यातल्या एका गावात हिवाळा सरता सरता शाळांची समूहनृत्य स्पर्धा होते. ग्रामपंचायतीसमोरचं पटांगण, भाड्याचा मांडव, आजूबाजूच्या वस्त्यांची माणसं आणि शेवटी एकच फिरती ढाल. या प्रकरणातल्या वर्षी चार शाळांचे मिळून सात गट होते. बाजारपेठेतली शाळा मोठी, तिचे तीन गट: लहान, मधला आणि मोठा. तापीकाठच्या शाळेचे दोन: लहान आणि मोठा. स्टेशनाजवळच्या शाळेचा एक आणि सातपुड्याच्या पायथ्याशी असलेल्या पाड्यावरच्या शाळेचा एक. पुढे सोयीसाठी मी त्यांना बाजार, नदी, स्टेशन आणि पाडा, किंवा नुसतं ब, न, स आणि प म्हणणार आहे.

क्रमाबद्दल नियम एकच होता. एकाच शाळेचे गट वयाने चढत्या क्रमाने नाचणार. याला कारण पक्कं आहे. लहान मुलांची वेणीफणी, रंगरंगोटी, नऊवारी नेसवणं हे सगळं त्याच शाळेच्या मोठ्या मुली करतात. लहानांचा नाच आटोपला, त्यांच्या अंगावरचे दागिने उतरले, की तेच दागिने घालून मोठ्या मुली उभ्या राहतात. मोठा गट आधी आणि लहान नंतर असं झालं, तर पडद्यामागे गोंधळ ठरलेला. म्हणून हा नियम मोडायचा नाही, यावर चारही शाळांचं एकमत होतं.

बाकी क्रम चिठ्ठ्यांनी ठरायचा. सात चिठ्ठ्यांवर सात गटांची पूर्ण नावं, स्टीलच्या डब्यात टाकून डबा हलवायचा आणि पहिलीतल्या एखाद्या पोरीने सगळ्यांसमोर एकेक चिठ्ठी काढायची. ‘बाजार, मोठा गट’ अशी चिठ्ठी आली आणि त्यांचा लहान किंवा मधला गट अजून लागलेला नसला, तर ती चिठ्ठी परत डब्यात, डबा पुन्हा हलवायचा आणि दुसरी काढायची. चालणारी चिठ्ठी आली की तिला पुढचा नंबर. वर्षानुवर्षं हेच चाललं होतं. त्यात लपवाछपवी कुठेच नव्हती, म्हणून कुणी शंकाही घेतली नव्हती.

शंका काढली पाड्यावरच्या शाळेच्या सरांनी. नंबर काढायच्या बैठकीत ते उठून म्हणाले, “नाना, दरसाली आमचाच नंबर पह्यला-दुसरा काबरं येतो? आमची गाडी सगळ्यात लांबून येते. पोरं उतरतात, ढोल उतरवतात, तोवर आमचं नाव पुकारलं जातं.”

ज्याला स्पर्धेचा अनुभव आहे, त्याला यातलं दुखणं सांगावं लागत नाही. पहिल्या नंबराला मांडव अर्धा रिकामा असतो, माईकवाला आवाज जुळवत असतो आणि परीक्षक पुढच्यांसाठी गुण हातात राखून देतात. उशिराचा नंबर सगळ्यांनाच हवा असतो. पाड्यावरच्या सरांनी जुन्या कार्यक्रमपत्रिका जपून ठेवल्या होत्या. त्यांत त्यांचं नाव खरंच वरवर होतं. तरीही चार-सहा पत्रिकांवरून काही सिद्ध होत नाही, योगायोगानेही तसं होऊ शकतं. स्पर्धा भरवणाऱ्या मंडळाच्या नानांनी तेच म्हटलं: “सर, चिठ्ठी आहे ही. पोरगी काढते. आपल्या हातात काय?” मी त्या भागात ज्युनिअर कॉलेजला गणित शिकवतो, म्हणून हिशोब माझ्याकडे आला. माझ्या मते हा हिशोब करणं आवश्यकच होतं. पाड्यावरची मुलं वर्षभर त्या एका संध्याकाळची वाट पाहतात. त्यांच्या वाट्याला काय येतं हे ‘नशीब’ म्हणून सोडून देण्याआधी ते नशीब सगळ्यांना सारखं आहे की नाही, हे तपासायला हवं होतं.

आधी मोजणी

पहिला प्रश्न साधा आहे. नियम पाळून सात गटांचे एकूण किती क्रम लागू शकतात?

नियम नसता तर 7×6×5×4×3×2×1, म्हणजे 5040. नियमामुळे यातले बरेच बाद होतात. हे गणित मी अकरावीच्या वर्गात टाकलं, कारण तिथे तेव्हा परम्युटेशनच, म्हणजे वस्तू किती क्रमांनी लावता येतात याची मोजणीच, चालू होतं. सगळ्यात जास्त आलेलं उत्तर 630 होतं आणि ते कसं आलं ते नीट बघण्यासारखं आहे. मुलांनी अटी मोजल्या: बाजारचा लहान गट मधल्याच्या आधी, मधला मोठ्याच्या आधी, तापीकाठचा लहान मोठ्याच्या आधी. तीन अटी. प्रत्येक अटीने निम्मे क्रम बाद होतात, म्हणून 5040 ला तीनदा 2 ने भागलं.

एकटी घेतली तर प्रत्येक अट खरंच निम्मे क्रम बाद करते. पण बाजारच्या दोन अटी एकमेकींत गुंतलेल्या आहेत. त्यांच्या तीन गटांचे आपापसात सहा क्रम होतात. ‘लहान मधल्याच्या आधी’ एवढ्या अटीने त्यातले तीन उरतात: लहान-मधला-मोठा, लहान-मोठा-मधला आणि मोठा-लहान-मधला. आता ‘मधला मोठ्याच्या आधी’ ही अट लावली, तर तिनातला एकच टिकतो. म्हणजे दुसऱ्या अटीने निम्मे नव्हे, दोन तृतीयांश क्रम गेले. लहान गट मधल्याच्या आधी आहे हे कळलं की मधला गट आपोआप मागे सरकलेला असतो, म्हणून तो मोठ्याच्याही आधी असण्याची शक्यता कमी होते. साखळीतल्या अटी सुट्या सुट्या मोजायच्या नाहीत, अख्खी साखळी एकदम मोजायची. तीन गटांच्या सहा क्रमांपैकी एक चालतो, म्हणून भागाकार 6 ने. तापीकाठच्या दोघांच्या दोनपैकी एक चालतो, म्हणून 2 ने. दोन वेगळ्या शाळांचा एकमेकींशी संबंध नाही, त्यामुळे हे दोन भागाकार मात्र बेलाशक एकामागे एक करता येतात. 5040 ÷ 12 = 420.

वर्गातल्या एका मुलीने हेच उत्तर वेगळ्या वाटेने काढलं आणि पुढे सगळं प्रकरण तिच्याच वाटेने सुटलं. तिने सात जागा आखल्या. बाजारच्या गटांसाठी सातातल्या तीन जागा निवडायच्या: 35 प्रकार. त्या तीन जागांवर कोण कुठे, हा प्रश्नच उरत नाही, पहिल्या जागी लहान, मग मधला, मग मोठा. उरलेल्या चार जागांतल्या दोन तापीकाठला: 6 प्रकार. उरलेल्या दोन जागी पाडा आणि स्टेशन: 2 प्रकार. 35×6×2 = 420. तिच्या वहीत गटांची नावं नव्हतीच. नुसती अक्षरं होती: ब ब ब न न प स.

म्हणजे ज्यांचा आपापसातला क्रम ठरलेला आहे, त्यांना सारखंच मानायचं. ‘क्रम पक्का’ आणि ‘ओळखू न येण्याइतके सारखे’ या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात, पण मोजणीच्या दृष्टीने दोन्ही एकच आहेत.

सारख्या वस्तूंची मोजणी आपल्याकडे नवी नाही, आणि खानदेशात तर तिचा खास ठिकाणा आहे. भास्कराचार्यांनी 1150 च्या सुमारास लिहिलेल्या ‘लीलावती’त अंकपाश नावाचं प्रकरण आहे. त्यात शंकराच्या दहा हातांत दहा आयुधं किती प्रकारे धरता येतील असं विचारलंय, उत्तर 36,28,800. विष्णूच्या चार हातांतल्या शंख, चक्र, गदा आणि कमळाचे प्रकार 24. आणि त्याच प्रकरणात सारखे अंक आले तर काय करायचं, याचीही रीत आहे: जितक्या स्थानी सारखे अंक असतील, तितक्या स्थानांच्या भेदांनी एकूण भेदांना भागायचं. 2, 2, 1, 1 या अंकांच्या संख्या सहा, 4, 8, 5, 5, 5 यांच्या वीस. आपल्या 5040 ÷ 12 मध्ये हीच रीत आहे. चाळीसगावजवळच्या पाटण इथे 1207 सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांचे नातू चांगदेव यांनी त्यांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला, त्याची नोंद त्या लेखात आहे. पाटणादेवीच्या दर्शनाला आपल्या भागातून एवढी माणसं जातात. त्याच परिसरात आठशे वर्षांपूर्वी हे गणित शिकवण्याची सोय झाली होती, हे आमच्या मुलांना ठाऊक असायला हवं असं मला मनापासून वाटतं. त्या वर्गाला मी ते सांगितलं.

डब्यातली गडबड

420 क्रम चालतात, तर न्याय म्हणजे प्रत्येक क्रमाला 420 पैकी 1 इतकी संधी. आता जुनी पद्धत तशी देते का ते बघू.

पहिल्या नंबरासाठी डब्यात चिठ्ठ्या सात, पण चालणाऱ्या चारच: बाजार-लहान, नदी-लहान, पाडा आणि स्टेशन. बाकीच्या तीन आल्या तर परत डब्यात जाणार. म्हणजे खऱ्या अर्थाने निवड चारांतून होते आणि पाड्याचा पहिला नंबर येण्याची शक्यता 1/4. न्यायाने ती किती हवी? पाडा पहिला असणारे क्रम मोजले, तर उरलेल्या सहा अक्षरांचे 720 ÷ 12 = 60 क्रम येतात. 420 पैकी 60, म्हणजे 1/7.

दुसऱ्या नंबराचंही पाहा. पहिली चिठ्ठी बाजारची किंवा नदीची निघाली, तर त्या शाळेचा पुढचा गट लगेच चालू शकतो, म्हणून चालणाऱ्या चिठ्ठ्या परत चारच राहतात. स्टेशनची निघाली तर तीन उरतात. म्हणून पाडा दुसरा येण्याची शक्यता 1/4×(1/4 + 1/4 + 1/3), म्हणजे 5/24. पहिला आणि दुसरा मिळून 1/4 + 5/24 = 11/24. जवळजवळ निम्म्या वर्षी पाड्याचा नंबर पहिला किंवा दुसरा. न्यायाने ही शक्यता 2/7 हवी, म्हणजे दहातल्या तीन वेळांहूनही थोडी कमी.

सरांची तक्रार खरी होती. जुन्या पत्रिकांचा आधार न घेता, नुसत्या पद्धतीवरूनच ती खरी ठरत होती.

झुकाव किती मोठा आहे हे दोन क्रम शेजारी ठेवल्यावर डोळ्यांत भरतं. पहिला क्रम: प स ब ब ब न न. जुन्या पद्धतीने हा येण्यासाठी आधी चारांतून प, मग तिनांतून स, मग बाजार आणि नदी या दोघांतून तीनदा बाजार निघायला हवा, पुढे नदीच उरते. 1/4×1/3×1/2×1/2×1/2 = 1/96. दुसरा क्रम: ब ब ब न न प स. इथे तीनदा चारांतून बाजार निघायला हवा, मग दोनदा तिनांतून नदी, मग दोघांतून पाडा. 1/64×1/9×1/2 = 1/1152. दोन्ही क्रम नियमात बसणारे, दोन्हींना 1/420 मिळायला हवं होतं, आणि प्रत्यक्षात एकाला दुसऱ्याच्या बारापट संधी होती. पोरगी प्रामाणिक, डबा प्रामाणिक, मंडळ प्रामाणिक, आणि तरीही हे होत होतं.

शेवटच्या नंबराचा हिशोब जरा लांब आहे, पण मुद्दा त्यातच सगळ्यात उघड दिसतो. शेवटून मागे यायचं. समजा पाड्याशिवाय दोन गट उरलेत. ते दोन वेगळ्या शाळांचे असतील, तर पाडा शेवटी राहण्याची शक्यता 1/3, ठीक. पण ते दोन्ही बाजारचेच असतील, तर दर वेळी चालणाऱ्या चिठ्ठ्या दोनच: बाजारची एक आणि पाड्याची एक. पाड्याची चिठ्ठी दोनदा चुकायला हवी, म्हणजे 1/2×1/2 = 1/4. गट तीनच उरलेत, मग पाड्याला तिसरी जागा मिळण्याची शक्यता एक तृतीयांश का नको? कारण बाजारचा पुढचा गट आपल्या पाळीची वाट बघत डब्याच्या बाहेर असल्यासारखा असतो. त्याची चिठ्ठी डब्यात आहे, पण ती मोजली जात नाही. एकट्या गटाची चिठ्ठी मात्र पहिल्या क्षणापासून मोजली जाते. म्हणून ती लवकर निघते.

बाजारचे किती उरले, नदीचे किती, स्टेशन उरलं की नाही, अशा 24 स्थिती होतात. त्यांचा तक्ता मांडून एकेक घर भरत गेलं की पाडा शेवटी येण्याची शक्यता 491/6912 निघते, साधारण 7.1 टक्के. हवी होती 1/7, म्हणजे 14.3 टक्के. बरोबर निम्मी म्हणायला हरकत नाही. स्टेशनच्या शाळेचंही हेच. त्यांनी तक्रार केली नव्हती इतकंच. स्टेशनच्या मुलांना पटांगण दोन मिनिटांवर आहे, लवकरचा नंबर त्यांना तितका जाचत नसेल.

कसोटी

या हिशोबातून एक कसोटी हाती लागली, आणि ती कुठल्याही चिठ्ठीपद्धतीला लावता येते. ज्या गटावर स्वतःची कसलीच क्रमाची अट नाही, तो गट न्याय्य सोडतीत प्रत्येक जागी सारख्याच शक्यतेने यायला हवा. बाकीच्यांच्या आपापसात कितीही गुंतागुंतीच्या ‘हा आधी, तो नंतर’ अशा अटी असोत. कारण बाकी सहांचा चालणारा कुठलाही क्रम घ्या, त्यात पाड्याला घालायला सात फटी असतात आणि सातही फटींत तो चालतो. सहांच्या प्रत्येक क्रमाला सातही जागा एकेकदा मिळतात, म्हणून प्रत्येक जागेचा वाटा 1/7. ज्या पद्धतीत सुट्या गटाला 1/7 मिळत नाही, ती पद्धत चुकलेली आहे, पुढचं बघायचीही गरज नाही.

मग बरोबर पद्धत कोणती? एक सरळ उपाय असा की सातही चिठ्ठ्या काढून अख्खा क्रम लावायचा, नियम मोडला तर सगळंच रद्द करून पुन्हा पहिल्यापासून. हे न्याय्य आहे. पण 12 पैकी 11 वेळा क्रम रद्द होणार, एक चालणारा क्रम मिळायला सरासरी 12 फेऱ्या लागणार. चहा थंड होईल आणि तिसऱ्या-चौथ्या फेरीला माणसं संशयाने बघू लागतील.

त्या मुलीच्या वहीतली अक्षरं इथे कामाला आली. चिठ्ठ्यांवर गटाचं नाव लिहायचंच नाही, फक्त शाळा लिहायची. बाजारच्या तीन चिठ्ठ्या, नदीच्या दोन, पाड्याची एक, स्टेशनची एक. काढलेली चिठ्ठी परत टाकायची नाही. बाजारची पहिली चिठ्ठी जिथे पडेल तिथे त्यांचा लहान गट, दुसरी पडेल तिथे मधला, तिसरीला मोठा. एकही चिठ्ठी वाया जात नाही, एकही फेरी रद्द होत नाही, आणि 420 पैकी प्रत्येक क्रमाला अगदी सारखी संधी मिळते. मोजणीची रीत हीच सोडतीची रीत झाली.

बैठकीत मी 420 हा आकडा फळ्यावर लिहिला तेव्हा हशा पिकला, आणि पद्धत समजावल्यावर नानांनी दोनच प्रश्न विचारले. दोन्ही नेमके होते.

पहिला: “बाजारच्या तीन चिठ्ठ्या म्हणजे त्यांना तिप्पट फायदा नाही का?” बाजारची चिठ्ठी पहिली निघण्याची शक्यता 3/7, हे खरं. पण त्यांचे नाचही तीन आहेत. सात नाचांतला प्रत्येक नाच एक चिठ्ठी घेऊन डब्यात उतरतो, एवढंच झालंय. दुसरा प्रश्न जास्त खोल होता: “मग त्यांचा लहान गट नेहमी पुढे आणि मोठा नेहमी मागे, हे बरोबर का?” सरासरी काढली तर बाजारच्या लहान गटाचा नंबर 2, मधल्याचा 4 आणि मोठ्याचा 6 येतो. नदीच्या दोघांचा साधारण 2.7 आणि 5.3, पाडा आणि स्टेशनचा 4. म्हणजे बाजारच्या मोठ्या गटाला उशिराचा नंबर खरंच सहज मिळतो, शेवटचा तर 7 पैकी 3 वेळा. हा फायदा चिठ्ठीतून येत नाही, ‘लहान आधी’ या नियमातून येतो. तो नियम आपण सगळ्यांनी वेणीफणीच्या कारणासाठी मान्य केलाय. नियमाची किंमत नियमात मोजायची, ती चिठ्ठीवर ढकलायची नाही. हे मी स्पष्ट सांगितलं आणि तसं सांगणं गरजेचं होतं, नाहीतर पुढच्या वर्षी हीच गोष्ट नव्या तक्रारीच्या रूपाने आली असती.

आणखी दोन अटी

पद्धत ठरतेय असं दिसल्यावर बाजारच्या बाईंनी मागणी ठेवली: “सर, आमचे दोन गट लागोपाठ येऊ नयेत. दागिने उतरवून चढवायला वेळ लागतो.” रास्त मागणी. नदीच्या शाळेनेही मान हलवली.

पण ‘लागोपाठ नको’ ही अट ‘आधी-नंतर’ या अटींपेक्षा वेगळ्या जातीची आहे, आणि ती सहज मान्य करू नये असं माझं मत होतं. मोजणी अशी. आधी बाजारला बाजूला ठेवून न न प स लावायचे: 12 क्रम. त्यातल्या 6 क्रमांत दोन न शेजारी येतात, 6 मध्ये येत नाहीत. चार अक्षरांच्या आजूबाजूला आणि मध्ये मिळून पाच फटी. न शेजारी नसतील तर पाचांतल्या कुठल्याही तीन फटींत एकेक ब: 10 प्रकार, म्हणून 6×10 = 60. न शेजारी असतील तर त्यांच्या मधल्या फटीत एक ब घालावाच लागतो, उरलेले दोन ब बाकीच्या चार फटींत: 6 प्रकार, म्हणून 6×6 = 36. एकूण 96. ताळा हवा तर उलटीकडून या: ब शेजारी नसलेले एकूण 12×10 = 120. त्यातून न न जोडून आलेले वजा. जोडी एक धरून तीन वस्तूंचे 6 क्रम, चार फटींतून तीन निवडायचे 4 प्रकार, म्हणजे 24. परत 96.

420 वरून 96 वर येणं ही अडचण नाही. अक्षरांच्या चिठ्ठ्या काढायच्या आणि लागोपाठ आले तर फेरी रद्द करायची, सरासरी चार-साडेचार फेऱ्यांत काम होतं. अडचण वाटपाची आहे. या 96 पैकी बाजारने सुरू होणारे 54, नदीने 22, पाड्याने 10 आणि स्टेशनने 10. क्रम उलटा केला तरी अट पाळली जाते, म्हणून शेवटच्या जागेचेही आकडे हेच. बाजारला एकमेकांपासून लांब ठेवायचं तर त्यांचे गट दोन्ही टोकांकडे ढकलले जातात. शेवटचा नंबर निम्म्याहून जास्त वेळा बाजारच्या मोठ्या गटाला आणि पाड्याला 96 पैकी 10, म्हणजे 14.3 टक्क्यांवरून 10.4 टक्क्यांवर. वरची कसोटी इथे लागू होत नाही, कारण बाकी सहांच्या ज्या क्रमात दोन ब शेजारी असतात, त्यात पाड्याला सात फटी राहत नाहीत, त्याला त्या दोघांच्या मधेच उभं राहावं लागतं. दुसऱ्याच्या सोयीसाठी पाड्याने मधली जागा भरायची, असा त्या अटीचा अर्थ होतो.

तोडगा नानांनी काढला आणि तो गणितापेक्षा चांगला होता. कार्यक्रमात देणगीदारांचे सत्कार असतातच, शाल-नारळ देऊन फोटो काढेपर्यंत दहा मिनिटं जातात. एका शाळेचे गट लागोपाठ आले तर मध्ये एक सत्कार घालायचा. अशा जागा जास्तीत जास्त तीन होऊ शकतात, दोन बाजारच्या आणि एक नदीची. सत्कार तेवढे होतेच. अट सोडतीत न घालता कार्यक्रमात घातली, त्यामुळे कुणाचाच वाटा हलला नाही.

दुसरी अट थंडीची. नऊनंतर लहान मुलं कुडकुडतात, म्हणून दोन्ही शाळांचे लहान गट झाल्याशिवाय कुठलाही मोठा गट मंचावर नको. ही मात्र आधी-नंतरचीच अट, पण दोन शाळांना आडवी बांधणारी. अशा ठिकाणी नुसत्या सारख्या अक्षरांनी भागत नाही. फक्त ब ब ब न न एवढ्यांचे 10 क्रम बघितले तर दोनच अडतात: बाजारचे तिन्ही संपल्यावर नदी सुरू होते तो आणि नदीचे दोन्ही संपल्यावर बाजार सुरू होतो तो. आठ चालतात. त्यात पाडा घालायला 6 फटी, मग स्टेशनला 7, म्हणून 8×6×7 = 336. पाड्याचा वाटा सातही जागी 1/7 कायम, कारण त्याच्यावर अट नाही. पाचातून एकदा फेरी रद्द करावी लागेल, एवढंच. ही अट मी लगेच मान्य करा म्हटलं.

बैठकीतच चिठ्ठ्या झाल्या. पोरगी तीच, डबा तोच. पहिलीच फेरी अशी निघाली: न प ब ब स न ब. नदीचा लहान गट पहिला, पाडा दुसरा, मग बाजारचे लहान आणि मधला, मध्ये एक सत्कार, पाचवं स्टेशन, सहावा नदीचा मोठा, शेवटी बाजारचा मोठा. पाड्याचा नंबर दुसरा आला होता. सरांनी चिठ्ठ्यांची ओळ दोनदा वाचली, वहीत उतरवून घेतली आणि गाडी अर्धा तास आधी सोडायचं ड्रायव्हरला फोनवर सांगितलं. तक्रार केली नाही.

या वर्षी स्टेशनची शाळा दोन गट आणणार आहे. अक्षरं आठ होतील: ब ब ब न न प स स. 40,320 ला 6, 2 आणि 2 ने भागून 1680 क्रम. आडव्या अटीत आता स्टेशनचे दोन्ही गटही येणार, म्हणून त्यातले किती चालतात ते नव्याने मोजावं लागेल. तेवढं गणित या वर्षीच्या अकरावीला दिलंय. पाड्याचा वाटा मात्र मोजणी न करताही सांगता येतो: आठही जागी 1/8.